खबऱ्याने कसं बोलायचं

आमच्या धंद्यात चुंबन स्वतःच्या मनगटाचं घ्यावं लागतं. पडद्यावर गोरा नायक नायिकेला जवळ ओढतो तेव्हा इकडे अंधेरीच्या गाळ्यात, माइकसमोर, दोन मुलांचा बाप असलेला कलाकार डोळे मिटून स्वतःचा हात ओठांना लावतो आणि काचेच्या अलीकडून मी सांगते, "लांबलं. पुन्हा घ्या." जिना चढतानाची धाप, मार खाल्ल्याचा हुंकार, घास तोंडात ठेवून बोलणं, सगळं आम्ही नव्याने करतो. घासासाठी पाव ठेवलेला असतो. बिस्किट दिलं तर माइकला इमारत पाडल्यासारखं ऐकू येतं.

मी डबिंग करते. परदेशी मालिका मराठीत लिहिते आणि कलाकारांकडून बोलवून घेते. नातेवाइकांना वाटतं मी भाषांतर करते, म्हणजे डिक्शनरी उघडून बसते. डिक्शनरी लागते, पण त्याहून जास्त लागतो आरसा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतील तिथे माझ्या वाक्यातही ते मिटले पाहिजेत. नाहीतर तो बोलून झाल्यावर गोळी गिळल्यासारखा दिसतो. त्यामुळे मी घरी आरशासमोर इंग्रजी वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणत असते. नवऱ्याने लग्नानंतर वर्षभर हे सहन केलं आणि मग आरसा बेडरूममधून पॅसेजमध्ये हलवला.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. पडद्यावर समोरासमोर बसून भांडणारी दोन माणसं आमच्याकडे एकमेकांना भेटतही नाहीत. एक सोमवारी येऊन आपली वाक्यं बोलून जातो, दुसरा गुरुवारी. भांडण मी लावते.

माझा स्टुडिओ औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावर आहे. शेजारच्या गाळ्यात पट्ट्यांची बक्कलं बनतात. त्यांची प्रेस सुरू झाली की आम्ही चहा घेतो, ती थांबली की अमेरिकेत परत जातो.

ज्या मालिकेबद्दल लिहायचं आहे तिचं नाव करारामुळे सांगता येत नाही. गोष्ट अशी. एक पोचलेला गुन्हेगार आहे. जुन्या चित्रांची बनावट कागदपत्रं करून ती चित्रं श्रीमंतांना विकण्यात त्याची हयात गेली. तो पकडला जातो. तुरुंग टाळायचा तर त्याने केंद्र सरकारच्या तपास पथकाला मदत करायची, आपल्याहून मोठे मासे पकडून द्यायचे, असा सौदा ठरतो. त्याच्यावर नेमलेला अधिकारी सदा टाय घट्ट बांधलेला. आम्ही त्याला स्टुडिओत 'टाय'च म्हणायचो आणि दुसऱ्याला 'खबरी'.

'फेडरल'ला काय म्हणायचं यावर आमच्यात मारामारी व्हायची वेळ आली. 'केंद्रीय तपास यंत्रणा' हे टाय म्हणेपर्यंत चोर जिना उतरून गेलेला असायचा. आमचा रेकॉर्डिस्ट मनोज म्हणाला, "ताई, दिल्लीवाले म्हण ना. सगळ्यांना लगेच कळतं." अमेरिकेत दिल्लीवाले! शेवटी टायच्या तोंडी 'केंद्राचं पथक' ठेवलं आणि खबऱ्याच्या तोंडी 'वरचे साहेब'.

खबऱ्याच्या आवाजासाठी मी कांबळ्यांना बोलावलं. कांबळे मुलुंडचे. वडील कारखान्यात फिटर होते, संध्याकाळी विहारात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वाचताना अर्धा शब्द गिळलेला त्यांना खपायचा नाही. मुलाचा आवाज तिथे घडला. खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, शेवटचं अक्षरसुद्धा जागेवर ठेवणारा. असा आवाज घेऊन हा माणूस तीस वर्षं या लाइनीत काय करत होता? गुंड, वेटर, वॉर्डबॉय आणि पहिल्या गोळीत मरणारा. ते स्वतःच सांगायचे, "ताई, आपल्याला पात्राचं नाव कधी नसतंच. गुंड दोन. एकदा गुंड एक होतो, पण तो आजारी पडला म्हणून."

खबऱ्याची भूमिका दहाही भागांत होती. मूळ नट सावकाश, मऊ आणि अतिशय सभ्य बोलतो. तो असा बोलतो म्हणूनच लोक त्याला घरात घेतात आणि भिंतीवरचं चित्र दाखवतात. कांबळ्यांनी पहिला भाग केला आणि मनोज हेडफोन काढून म्हणाला, "कडक. हा माणूस माझं घर विकेल आणि मी सही करीन यार."

भाग पाठवला. दोन दिवसांनी ईशानीचा फोन आला. ईशानी म्हणजे ज्या कंपनीच्या ॲपवर मालिका येणार होती त्यांच्याकडून मराठी तपासणारी मुलगी. हुशार, कामाला वाघ, आणि तिच्या डोक्यावर तिच्याहून वरच्यांचा हात कायम दाबलेला.

"मॅम, बाकी सगळं मस्त. फक्त तो इन्फॉर्मर खूप क्लीन वाटतोय."

"मूळचा तसाच आहे."

"हो, पण मराठीत खबरी म्हटलं की थोडा टपोरी हवा ना. लोकांना कळलं पाहिजे की हा क्रिमिनल आहे."

"त्याला पहिल्याच सीनमध्ये बेड्या घातल्यात, ईशानी."

ती हसली, पण मुद्दा सोडला नाही. "ऑफिसर प्रमाण बोलतोय, तर कॉन्ट्रास्ट हवा. आणि ते आर्टिस्ट कांबळे आहेत ना? त्यांच्याकडून थोडं त्यांच्या टाइपचं करून घ्या ना."

"त्यांच्या टाइपचं म्हणजे कसं?"

पलीकडे शांतता. मी ती भरून काढायला गेले नाही. अशा वेळी समोरच्याला मदत करायची नाही, हे मी फार उशिरा शिकले.

"म्हणजे... ते असे रोल करतात ना नेहमी, त्या अर्थाने," ती शेवटी म्हणाली. आणि मग घाईने, "नाहीतर मालवणी करू या का? क्यूट वाटेल."

आता मी घाटकोपरला वाढलेली मालवणी. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी आईला ती बातमी मालवणीत सांगितली, आणि आईने त्यावर जे म्हटलं तेही मालवणीतच होतं. आमच्या घरात बारसं, भांडण आणि मयत सगळं त्याच बोलीत झालं. पण डबिंगमध्ये ती यायची तेव्हा स्वयंपाकी, बोटीवरचा दारुडा आणि कार्टूनमधला खेकडा यांच्या तोंडी. खेकडा मीच लिहिला होता, तो मुलांना फार आवडला होता, ते वेगळं. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून आईच बाहेर पडली.

"काय गो, आमी काय तुमका हसवक बसलंव?"

"मॅम?"

"मालवणी होणार नाही म्हणतेय."

मी भाग बदलणार नाही असं ठरवून टाकलं आणि संध्याकाळी कांबळ्यांना तसं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते स्टुलावर बसून चहात पाव बुडवत होते.

"नाही म्हणालात?"

"नाही म्हणाले."

"मग ते दुसरा घेतील."

"घेऊ देत. आपण पण बघू."

"तुम्ही बघाल ताई. तुमच्याकडे कार्टून आहे, जाहिराती आहेत. भांडण तुमचं आणि खुर्ची माझी, असं कसं चालेल?" त्यांनी पाव संपवला, हात झटकले. "मला विचारायचं होतं ना आधी. टपोरी पाहिजे? टपोरी देतो. झोपेत करतो मी ते."

मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे कळेना, कारण माणूस बरोबर बोलत होता. त्याच्या स्वाभिमानाचा ठेका मी परस्पर घेतला होता. मग मी पहिला भाग पुन्हा लिहिला. 'मला वाटतं आपण बसून बोलावं' याचं 'टेन्शन नको घेऊ साहेब, बसून सेट करू ना' झालं. कांबळ्यांनी ते खरंच झोपेत केल्यासारखं केलं. वरून 'एकदम परफेक्ट' असा निरोप आला. आठ भाग तसेच गेले. चांगले झाले, खोटं कशाला बोलू. फक्त एक गोष्ट खटकत राहिली. या भाषेत बोलणाऱ्या माणसाला तो चित्रं जमवणारा अब्जाधीश दिवाणखान्यात का घेतो, हे मला कळत नव्हतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मी तो प्रश्न गिळायचे.

आणि मग नववा भाग आला.

नवव्या भागात टायला गोळी लागते आणि तो बेशुद्ध पडतो. त्याच वेळी तुरुंगातल्या एका साक्षीदार बाईला खोट्या हुकमाने बाहेर काढून मारायचा बेत असतो. तो हुकूम फक्त टाय थांबवू शकतो. तेव्हा खबरी टायचा फोन उचलतो आणि टाय बनून तुरुंगाधिकाऱ्याशी बोलतो. कॅमेरा पूर्ण वेळ खबऱ्याच्या चेहऱ्यावर, मध्ये एकही कट नाही. आमच्याकडे असा सीन म्हणजे परीक्षा. ओठ लपवायला कुठे जागा नसते.

मूळ नट त्या सीनमध्ये काहीच वेगळं करत नाही. तो आधी जसा बोलत होता तसाच बोलतो, आणि पलीकडचा विश्वास ठेवतो. आमच्या आठ भागांच्या टपोरीने त्या सीनची वाट लागली होती. मी कांबळ्यांना तसं सांगितलं.

"वाट कुठे लागलीय?" ते म्हणाले. "उलट बरं झालं."

"कसं काय?"

"हे बघा ताई. साहेब लोकांना वाटतं खबरी असाच बोलतो. बरोबर? मग हा त्यांना तसा बोलून दाखवतो. आठ भाग दाखवतोय. त्यांचं समाधान होतं, त्याचं काम होतं. आता फोनवर त्याला कोणी बघत नाहीये. इथे तो स्वतःचं बोलेल. आवाज काढणार नाही, नक्कल नाही. जे घातलं होतं ते उतरवून ठेवायचं, बस."

मनोज काचेमागून म्हणाला, "बाप रे."

मी ओळी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लिहिल्या. मिटणारे ओठ सांभाळत, साध्या मराठीत. शेजारची प्रेस थांबायची वाट पाहिली. कांबळ्यांनी जर्दा थुंकून चूळ भरली, माइकसमोर उभे राहिले आणि बोलले. 'मी बोलतोय. ती बाई माझ्या परवानगीशिवाय दाराबाहेर पडणार नाही.' आवाज चढला नाही. मी तुरुंगाधिकारी असते तर उभी राहिले असते. सीन संपल्यावर मनोजने 'सेफ्टीसाठी अजून एक टेक घेऊ' असं म्हटलं नाही. मनोज नेहमी म्हणतो.

कांबळे बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "तीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी मारलं नाही."

भाग गेला. आठवड्याने ईशानीचा फोन.

"मॅम, वरून एक सजेशन आहे. फोनचा सीन ऑफिसरच्या आर्टिस्टकडून करून घ्या."

मला आधी कळलंच नाही. "पण तो तर बेशुद्ध आहे."

"म्हणजे खबरी ऑफिसर बनून बोलतोय ना, मग ऑफिसरचाच आवाज टाका. इन्फॉर्मरचे आर्टिस्ट ऑफिसर म्हणून कन्व्हिन्सिंग नाही वाटणार, असं म्हणतायत वरती."

"त्यांनी ऐकलाय सीन?"

"मॅम, ते मराठी नाहीयेत."

ही चूक फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकते. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा, हे आम्ही रोज करतो, म्हणून आम्हाला सगळंच शक्य वाटायला लागतं. मी तिला सांगितलं, "ईशानी, आपल्याकडे मालिका बघत नाहीत, ऐकतात. बाई पोळ्या लाटत असते, फोन खिडकीला टेकवलेला असतो. तिला मघाशी कळलंय की टाय मरणाच्या दारात आहे. आणि लगेच टायचा आवाज आला तर ती म्हणेल, उठला वाटतं! तो उठला तर खबऱ्याने केलं काय?"

"लॉजिक कळतंय मॅम. पण मला वर सांगावं लागेल."

"सांग. आणि हेही सांग की मी तो सीन दुसऱ्या आवाजात करणार नाही."

"मग ते शेवटचे दोन भाग दुसऱ्या स्टुडिओला देतील."

"देऊ देत."

हे म्हणून मी फोन ठेवला आणि लगेच आठवलं की मागच्या वेळी मी हेच केलं होतं. खुर्ची पुन्हा कांबळ्यांची होती. या वेळी मी आधी मुलुंडला फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं. दुसरा स्टुडिओ घेतला तर दहावा भागही जाईल, नाव दुसऱ्याचं लागेल, आणि या कंपनीकडून दोघांनाही पुन्हा काम येणार नाही, तेही सांगितलं.

कांबळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मागे त्यांच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता.

"टपोरी म्हणाले, मी दिलं," ते म्हणाले. "वाकडं बोल म्हणाले, बोललो. त्यात माझं काही गेलं नाही, ती कला आहे. पण मी सरळ बोललेलं काढून तिथे दुसऱ्याचं सरळ बोलणं लावणार? म्हणजे मला सरळ बोलता येतच नाही असं झालं. हे नाही जमणार. जाऊ दे खुर्ची."

"नक्की?"

"ताई, तुम्ही मला आता विचारलंत ना, म्हणून सांगतोय. नक्की."

मी ईशानीला एका ओळीत कळवलं: सीन आहे तसाच राहील, हवा असेल तर पूर्ण भाग घ्या, नको असेल तर परत करा. टायचा आवाज देणारे श्रीरंग रंगभूमीवरचे मुरलेले नट, त्यांना कंपनीने परस्पर विचारलं होतं. त्यांनी मला फोन करून विचारलं, "अगं, मी बेशुद्ध आहे ना त्या भागात?" मी म्हटलं, "आहात." ते म्हणाले, "मग मला सुट्टी आहे," आणि कंपनीलाही तसंच कळवून टाकलं.

पुढे काहीच झालं नाही. ना होकार, ना नकार. आम्ही दहावा भाग करून पाठवला. ठरलेल्या दिवशी मालिका ॲपवर आली. मी नववा भाग लावला, फोनचा सीन आला आणि कांबळेच बोलले.

महिन्याभराने ईशानी स्वतः गाळ्यावर आली. तिची बदली दुसऱ्या विभागात झाली होती. चहा घेताना म्हणाली, "तुमचा मेल मी वर पाठवलाच नाही मॅम. श्रीरंग सरांचाही नाही. केलंय चेंज, एवढंच सांगितलं. कोणाला कळणार होतं?"

"आणि बदली?"

"ती त्याच्यामुळे नाही," ती म्हणाली, आणि विषय बदलून शेजारी एवढा आवाज कसला येतो ते विचारू लागली. मी बक्कलांबद्दल सांगितलं. तिला आग्रहाने आणखी चहा पाजला. मी सहसा कोणाला आग्रह करत नाही.

त्यानंतर त्या कंपनीकडून आम्हाला बराच काळ काम आलं नाही. मी कार्टूनवर तग धरला. कांबळे परत गुंड झाले, एका मालिकेत बढती मिळून गुंडांचे म्होरके. चिडले नाहीत. मीच चिडायचे, त्यांच्या वाटचं.

यंदा दुसरा सीझन आला. ईशानीच्या जागी आलेल्या माणसाने सूचना पाठवल्या. त्यात खबऱ्यापुढे लिहिलं होतं: आवाज तोच, भाषा पहिल्या सीझनसारखीच टपोरी ठेवणे, प्रेक्षकांना आवडली आहे.

या वेळी मी आधी कोणालाही उत्तर दिलं नाही. कांबळ्यांना बोलावलं, सूचना वाचून दाखवली आणि पहिला भाग लावला. त्यात बरा झालेला टाय हॉस्पिटलच्या खाटेवरून खबऱ्याला विचारतो की माझ्या नावाने फोन तू केलास का.

कांबळ्यांनी भाग संपेपर्यंत पाहिला. "साहेबाला आता माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग आता कोणासमोर टपोरी बोलायचं? येडा आहे का तो?"

"लोक म्हणतील याची भाषा अचानक कशी बदलली."

"नवव्या भागापर्यंत ज्याने पाहिलंय तो म्हणणार नाही. आणि ज्याने पाहिलं नाही त्याने जाऊन बघावं." मग माझ्याकडे वळून, "हातातून जाईल का हे?"

"जाऊ शकतं."

"तुमचं काय मत?"

"मी साधं मराठी लिहून ठेवलंय," मी म्हटलं. "दोन भागांचं."

ते हसले. मी त्यांना असं मोठ्याने हसताना क्वचितच पाहिलं आहे. म्होरक्याचं हसणं वेगळं, ते मापात असतं.

पहिला भाग पाठवून तीन आठवडे झाले. हा लेख छापायला जाईपर्यंत कंपनीकडून काही कळलेलं नाही. कदाचित कोणी ऐकलाच नसेल, कदाचित वर कुठेतरी बैठक बसली असेल, कदाचित दुसऱ्या स्टुडिओत एखादा टपोरी आवाज तपासून बघत असतील. यायचं ते येईल. आम्ही चौथ्या भागावर आहोत. खबरी एका म्हाताऱ्या बाईच्या दिवाणखान्यात बसून तिच्याशी शांतपणे बोलतो आहे, आणि ती त्याला भिंतीवरचं चित्र का दाखवते आहे ते आता मला नीट कळतं. शेजारची प्रेस थांबली आहे. कांबळे हेडफोन घालून काचेपलीकडून हात वर करतायत, म्हणजे मला लिहिणं थांबवायला हवं.